बेचाळीस अंशांवरची प्लेट

खंडेनवमीच्या सकाळी प्रयोगशाळेच्या मोठ्या टेबलावर झेंडूच्या माळेशेजारी काचेची एक बाटली ठेवलेली होती. निळं झाकण, गळ्याभोवती कागदी पट्टी, पट्टीवर तिरप्या काळ्या रेघा. त्या रेघा आधी दिसत नाहीत. बाटली ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली पुरती शिजली की मगच उमटतात. आत पाणी होतं. काचेवर मार्करने लिहिलं होतं: नर्मदा, ग्वारीघाट.

फ्लास्क सतत हलवत ठेवणारा शेकर पुसून झाला होता. इन्क्युबेटरच्या दारावर हळदीकुंकवाची बोटं उठली होती. यंदाच आलेल्या एका मुलीने बाटली उचलली, उजेडात धरली.

"मॅडम, तीर्थ को भी ऑटोक्लेव करते हैं क्या?" तिचं घर मराठी आहे, समजतं सगळं, पण बोलायला तोंड उघडलं की हिंदी येते.

"इथं करतात," प्रज्ञा म्हणाली.

मुलगी हसली. तिला तो विनोद वाटला. प्रज्ञा मेश्राम आता या प्रयोगशाळेची प्रमुख आहे, पण पूजेच्या टेबलापाशी ती नव्हती. आतल्या कल्चर रूमच्या दारात, चौकटीला पाठ टेकून उभी होती. विद्यार्थिनी असतानाही ती दर खंडेनवमीला तिथेच उभी राहायची.

मी जबलपूरला आले होते राइट टाउनमधलं आमचं घर रिकामं करायला. एक सकाळ मोकळी होती आणि प्रज्ञाने फोनवर म्हटलं होतं, "ये ना, लॅबची पूजा आहे." प्रयोगशाळा सोडून मी वर्तमानपत्रात गेले त्याला बरीच वर्षं झाली. जिना मात्र तोच आहे, आणि वासही तोच. तो निम्म्या जिन्यातच गाठतो. शिजलेल्या यीस्टचा, पातळ रश्शासारखा, किंचित आंबूस. त्यावर स्पिरिटचा थर आणि सगळ्यांत वर ब्लीच. या वासात आम्ही डबे खाल्ले. घरी गेल्यावर आई म्हणायची, आधी केस धू.

त्या खोल्यांमध्ये जिवाणू पाळले जात. माणसाच्या आतड्यात असतात त्या जातीचे, पण पिढ्यान्‌पिढ्या काचेत राहून निरुपद्रवी झालेले. त्यांच्या शेजारच्या खोलीत, बंद दाराआड, त्यांचे विषाणू. फेज म्हणायचं त्यांना. फेज जिवाणूत शिरतो, आत स्वतःच्या प्रती बनवतो, जिवाणू फुटतो, प्रती बाहेर पडतात. पण कधीकधी प्रत बांधताना चूक होते. स्वतःच्या जनुकांऐवजी मेलेल्या जिवाणूच्या जनुकांचा एखादा तुकडा त्या कवचात भरला जातो, आणि फेज तो दुसऱ्या जिवाणूला नेऊन देतो. प्रज्ञाचं सगळं काम या एका चुकीवर उभं होतं. बिघडलेला जिवाणू घ्यायचा, निरोगी जिवाणूचे तुकडे फेजकरवी त्याच्यात पोचवायचे, आणि कोणत्या तुकड्याने तो बरा होतो ते पाहायचं. म्हणजे बिघाड त्या तुकड्याच्या जागी.

तिचा बिघडलेला जिवाणू तीस अंशांवर सुखाने वाढायचा आणि बेचाळीस अंशांवर मरायचा. जिवाणूंच्या हजारो वसाहती चाळून तिने तो शोधला होता. त्याला क्रमांक होता, पण सगळे त्याला नाजूक म्हणत. नाव प्रज्ञानेच ठेवलं. "आपल्या मे महिन्यात मरतो जी हा," ती सांगायची. "जबलपूरचा नाहीच. पचमढीचा असंल."

जिवाणू वाढले की नाही हे पाहायला यंत्र होतं, पण ते बहुतेक वेळा दुरुस्तीला असायचं. मग जुनी रीत. फ्लास्कमागे वर्तमानपत्र धरायचं. जिवाणू ज्यात वाढवायचे तो रस स्वच्छ असेल तर आरपार बातमी वाचता येते. जिवाणू वाढू लागले की रस दुधी होतो, आधी बारीक अक्षरं जातात, मग मथळे. मथळा गेला की फ्लास्क तयार. प्रयोगशाळेचे मदतनीस तिवारी भैया यासाठी शिळे अंक जपून ठेवायचे. हिवाळ्यात त्याच अंकांवर मटाराचा ढीग पडायचा. "घंटे भर का काम है दीदी, तब तक मटर छील लो," असं म्हणून ते निघून जायचे, आणि आम्ही शेकरच्या घरघरीत शेंगा सोलत बसायचो. हिरवा वास बोटांना राहायचा, म्हणून आंबेकर मॅडम पुन्हा हात धुवायला लावायच्या.

आंबेकर मॅडम आमच्या मार्गदर्शक. दीक्षितपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरातल्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या, बोलणं थोडं. त्यांचा एक नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता, तरी सगळ्यांना पाठ होता: फेजच्या खोलीत गेलेल्या माणसाने त्या दिवशी जिवाणूंच्या खोलीत यायचं नाही. कोट वेगळे, चपला वेगळ्या. फेज दिसत नाही, वाळला तरी मरत नाही, धुळीबरोबर हिंडतो. एकदा जिवाणूंच्या खोलीत शिरला की वर्षांचं काम दोन तासांत पाणी होतं. फेजवर काम करणारी आमच्यात एकटी प्रज्ञा होती. त्यामुळे काहीही बिघडलं की नजर आधी तिच्याकडे जायची.

आम्ही विद्यार्थिनी असताना एका वर्षी उन्हाळ्यात फ्रीझर बंद पडला. वास गेला तेव्हाच कळलं. फ्रीझरला थंड धातूचा, नाकात टोचणारा एक वास असतो, तो नव्हता. गोठवून ठेवलेले सगळे साठे गेले. नाजूकच्या काही नळ्या साध्या फ्रिजमध्ये होत्या, पण उष्ण वाऱ्याची लू सुरू झालेली, वीज जात-येत होती. प्रज्ञाने त्या नळ्या बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवल्या आणि रांझीच्या बसने घरी नेल्या. तिचे वडील कारखान्यात होते. कारखान्याच्या वसाहतीत वीज कमी जायची. खिडकीपाशी थर्मास मांडीवर घेऊन बसलेल्या तिला कंडक्टरने विचारलं, "बेटा, चाय है क्या?" "मरीज है," ती म्हणाली.

पावसाळा सरला तेव्हा नळ्यांमधले बहुतेक जिवाणू मेलेले होते. एकीतला उठला. दुरुस्त होऊन आलेल्या फ्रीझरमध्ये पुन्हा साठा करायचा म्हणून नवरात्रात प्रज्ञाने तो रसात वाढवायला घेतला. एक फ्लास्क. तो गेला तर राखीव काहीच उरलेलं नव्हतं.

खंडेनवमीला मॅडम दरवर्षी लॅबची पूजा करत. त्यांच्या घरी पूर्वी तलवारींची व्हायची, मग लेखण्यांची, मग त्यांच्या वडिलांच्या टंकलेखन यंत्राची. त्यांनी ती इन्क्युबेटरपर्यंत आणली होती. घरून स्टीलच्या गडूत ग्वारीघाटचं पाणी यायचं, आंब्याची डहाळी यायची. डहाळी बुडवायची आणि एकेका यंत्रावर झटकायची. मायक्रोस्कोपवर, तराजूवर, शेवटी फिरत्या शेकरवर, कारण त्यांचं म्हणणं, चालू यंत्राला थांबवून नमस्कार करू नये. प्रज्ञाच्या घरी बौद्ध धम्म, पूजा नाही. ती दारात उभी राहायची. मॅडमनी कधी बोलावलं नाही, कधी विचारलंही नाही. फक्त खोवा जिलबीचा पहिला द्रोण तिच्या हातात द्यायच्या. त्या सकाळी पाण्याचे थेंब फ्लास्कांच्या कापसाच्या बुचांवर पडलेले मी पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. छान दिसत होते.

दसऱ्यानंतरच्या सकाळी तिवारी भैयांनी शेकर थांबवला. ती घरघर थांबली की खोलीत एकदम दूरचं ऐकू यायला लागतं. रांझीपलीकडे तोफगोळ्यांच्या चाचण्या चालत, त्यांचे बोथट धमाके आणि मागोमाग थरथरणाऱ्या काचा. भैयांनी एक फ्लास्क उचलला, मागे अंक धरला.

"दीदी," ते म्हणाले, "ये तो पानी हो गया."

आदल्या दिवशी मथळे गिळणारा रस काचेसारखा स्वच्छ होता. तळाशी दोऱ्यांसारखे तंतू. बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. नाजूकचा फ्लास्क त्याच रांगेत होता, आणि त्याच्यामागचीही अक्षरं वाचता येत होती.

मॅडम आल्या. एकेक फ्लास्क त्यांनी तिरपा करून पाहिला. मग न वळता विचारलं, "प्रज्ञा, कोट कुठला होता?"

"आतला, जिवाणूंकडचा, मॅडम."

"चपला?"

"बदलल्या होत्या."

"नवमीच्या दिवशी तू दारात उभी होतीस. त्याआधी कुठे होतीस?"

"घरून आले होते. फेजकडं गेलेच नव्हते मी." तिचा आवाज बारीक झाला. "मॅडम, माझंच मेलं आहे. मी काहून असं करीन?"

"मुद्दाम कोणी करत नाही," मॅडम म्हणाल्या.

ब्लीचची बादली भरून आली. त्या वासाने डोळे चुरचुरत होते. नियम साफ होता: संसर्ग झालेलं सगळं त्यात ओतायचं, आजच्या आज. बाकीच्यांचे प्लेटांवरचे जिवाणू अजून शाबूत होते, ते धोक्यात घालता येत नव्हते. इतर फ्लास्क एकामागून एक गेले. प्रज्ञाने नाजूकचा फ्लास्क दोन्ही हातांत धरला होता, तो खाली ठेवेना.

"आधी कोणता फेज आहे ते बघू द्या," ती म्हणाली. "माझाच निघाला तर मी स्वतः ओतते. लॅबही सोडते."

मॅडमनी फ्लास्ककडे पाहिलं, मग तिच्याकडे. "इमारतीत नाही ठेवायचा," त्या म्हणाल्या. "मागच्या खोलीत ने. उद्या दुपारपर्यंत."

इमारतीमागे मोडक्या खुर्च्यांची वेगळी खोली होती. फ्लास्क तिथे गेला.

फेज ओळखायची रीत सोपी आहे. अगरची खळ थिजवलेल्या प्लेटवर जिवाणूंची साय वाढवायची, तीवर संशयित थेंब टाकायचा. फेज असेल तिथे साय फाटते, गोल भोकं पडतात. प्रज्ञाच्या फेजची भोकं टाचणीच्या टोकाएवढी, अंधुक. ती आम्हांला झोपेतही ओळखता आली असती. तिने ओल्या बोळ्याने पुसून स्वतःचा कोट आधी प्लेटवर लावला, मग चपलांचे तळवे, दाराची मूठ, नळ, शेकरचा पट्टा. शेवटी नासलेल्या रसाचा थेंब.

सकाळी कोट स्वच्छ. चपला स्वच्छ. मूठ आणि नळ स्वच्छ. शेकरच्या पट्ट्यावर आणि रसाच्या थेंबाखाली भोकं होती, पण मोठी, मसुराएवढी, भोवती धुरकट कडं असलेली. तशी आम्ही कधीच पाहिली नव्हती. मॅडमनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"हा माझा नाही," प्रज्ञा म्हणाली.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "बाहेरचा आहे."

बाहेरचा म्हणजे कुठला, हे कोणी बोललं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलचा गडू होता. आत नवमीचं उरलेलं पाणी आणि सुकत चाललेली डहाळी. तीर्थ मोरीत ओतत नाहीत, झाडाला घालतात. म्हणून तो तिथे राहिला होता. प्रज्ञाने एकदा तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी पाहिलं. तिवारी भैया नेमके तेव्हाच आले आणि गडूला हात घालत म्हणाले, "मैडम, पीपल में डाल आऊँ?"

"राहू द्या, भैया."

मॅडमनी गडू आणला आणि प्रज्ञासमोर टेबलावर ठेवला. स्टीलचं भांडं ओट्यावर ठेवताना होतो तसा आवाज झाला.

"हेही लाव."

प्रज्ञाने हात मागे घेतले. "हे मी नाही लावणार, मॅडम."

"काहून?" मॅडमच्या तोंडी हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. त्या नेहमी का म्हणायच्या.

"उद्या लोक म्हणतील, रांझीच्या पोरीनं नर्मदेत खोट काढली. तुम्ही नाही म्हणणार. लोक म्हणतील."

बाहेर धमाका झाला. काचा थरथरल्या आणि थांबल्या. मॅडमनी साडीचा पदर खोचला, कोट घातला, बर्नर पेटवला. बारीक गाळणीतून त्यांनी पाणी गाळून घेतलं, म्हणजे जिवाणू मागे राहतील आणि विषाणू असलाच तर खाली उतरेल. पिपेट धरायची सवय सुटली होती. थेंब टोकाशी लोंबत राहिला, मग पडला. प्लेटवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: नर्मदा.

साय धरायला काही तास लागतात. त्या वेळात करण्यासारखं काही नव्हतं आणि कोणी काही करत नव्हतं. दुपारी मॅडमनी इन्क्युबेटर उघडला, प्लेट काढली आणि खिडकीपाशी नेली. थेंब पडला होता तिथे मसुराएवढी भोकं, कडेला धुरकट. एकमेकांत मिसळलेली, मोजता न येणारी.

"नदीत शहर धुतलं जातं," त्या म्हणाल्या. "तिच्यात हे असणारच. उघडं पाणी आत मी आणलं." मग वळून म्हणाल्या, "प्रज्ञा, काल मी तुझा कोट विचारला. माझा गडू नाही विचारला."

प्रज्ञा घड्याळाकडे बघत होती. दुपार झाली होती, आणि मुदत दुपारपर्यंतची होती.

"फ्लास्क?" तिने विचारलं.

"चूक माझी निघाली म्हणून नियम बदलत नाही. उद्या सकाळ. पुढे नाही."

फेज जवळजवळ सगळ्यांना मारतो. जवळजवळ. कोट्यवधींत एखादा जिवाणू असा असतो की ज्या दारातून फेज शिरतो ते दार त्याच्यात जन्मतःच बिघडलेलं असतं. तो वाचतो आणि वाढतो. नाजूकच्या त्या स्वच्छ रसात असा एखादा असेल, तर आहे. नसेल, तर प्रज्ञाच्या कामाची चार वर्षं संपली.

मागच्या खोलीत शेकर नेता येत नव्हता, म्हणून फ्लास्क हाताने हलवायचा होता. ऑक्टोबरातलं जबलपूर सावलीत तीसच्या आसपास असतं. भिंतीवर खिळ्याला तापमापक टांगला होता, तेवढं बरं होतं. प्रज्ञा पाय मोडलेल्या खुर्चीवर बसून मनगट फिरवत होती. ब्लीचने तिच्या बोटांची साल निघाली होती. ती थकली की मी घ्यायचे. खोलीत वाळवीचा, जुन्या वेताचा वास. बाहेर मांडवांचे बांबू उतरत होते, ते रस्त्यावर पडल्याचे आवाज येत होते.

उन्हं कलली तेव्हा मॅडम आल्या. कोट बाहेर काढून ठेवला, एक खुर्ची उलटी होती ती सरळ केली, बसल्या आणि हात पुढे केला.

"दे."

प्रज्ञाने फ्लास्क दिला. मॅडम सावकाश, एका लयीत फिरवू लागल्या. बराच वेळ फक्त रसाचा चुबुक आवाज येत होता.

"घरी काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"बाबांना म्हटलं, पेशंट सीरियस आहे." मग थोडं थांबून, "बाबा म्हणाले, मग घरी काहून येऊन राहिली?"

मॅडम हसल्या. हसताना फ्लास्क थांबला, तशी प्रज्ञा पटकन म्हणाली, "मॅडम, हात!" आणि त्यांनी पुन्हा फिरवायला सुरुवात केली.

दुसऱ्या सकाळी तिवारी भैया वर्तमानपत्र घेऊन आमच्या आधी खोलीपाशी उभे होते. फ्लास्कला त्यांनी हात लावला नव्हता. प्रज्ञाने तो उचलला. भैयांनी मागे अंक धरला. बारीक अक्षरं गेली होती. मथळा होता, पण धुक्यातला.

म्हणजे कोणीतरी वाचलं होतं. पण कोण? कापसावर पडलेल्या थेंबातून नदीचाच एखादा जिवाणू आत आला असेल तर तोही असाच वाढला असता. खात्रीचा एकच मार्ग होता. एकच प्लेट, मधोमध रेघ. रेघेच्या एका बाजूला साधा निरोगी जिवाणू, दुसऱ्या बाजूला हा वाचलेला. प्लेट बेचाळीस अंशांवर. दोन्ही बाजू भरल्या तर तो परका. एक भरली आणि एक रिकामी राहिली, तर नाजूक. तीस अंशांवरची जोडीची प्लेट शेजारच्या इन्क्युबेटरमध्ये.

तो दिवस कसा गेला ते आठवत नाही. आठवतो तो दुसऱ्या सकाळचा बेचाळीस अंशांच्या इन्क्युबेटरचा श्वास, दार उघडल्याबरोबर तोंडावर येणारी मे महिन्याची झळ. प्रज्ञाने प्लेट काढली आणि उघडायच्या आधी डोळे मिटले. मग मॅडमच्या हातात दिली. "तुम्हीच बघा."

तीसची प्लेट दोन्हीकडे भरली होती. बेचाळीसची रेघेच्या एका बाजूला जाड, पिवळट, ओलसर साय. दुसऱ्या बाजूला काही नाही. मॅडमनी ती तिरपी केली, उजेडात धरली, भिंग लावलं. काही नाही. स्वच्छ अगर.

"मेला," मॅडम म्हणाल्या.

प्रज्ञा टेबलाचा कोपरा धरून खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. तिवारी भैया घाबरले. "क्या हुआ? मर गया?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हो भैया, मर गया. आणि मीही हसत होते, त्यामुळे त्यांना काहीच उमजेना.

पुढच्या तपासणीत कळलं की नदीच्या फेजला त्याने दार बंद केलं होतं. प्रज्ञाच्या फेजसाठी दुसरं दार होतं, ते उघडं होतं. तिचं काम पूर्ण झालं. तो बिघाड कुठे आहे तेही सापडलं. पुढच्या खंडेनवमीला आंबेकर मॅडम घरून गडूऐवजी निळ्या झाकणाची बाटली घेऊन आल्या आणि काही न बोलता ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली. निवृत्तीनंतरही त्या नवमीला येत राहिल्या. आता नाहीत. मोडक्या खुर्च्यांची खोली पाडून तिथे जनरेटर बसवला आहे. तिवारी भैयांच्या जागी कोणी आलेलं नाही, आणि फ्लास्कमागे वर्तमानपत्र कोणी धरत नाही. नवं यंत्र आकडा दाखवतं.

झेंडूचा तुरट वास खोलीभर झाला होता. नवी मुलगी डहाळी घेऊन तयार होती. प्रज्ञा दारातून हलली, बेचाळीसच्या इन्क्युबेटरपाशी गेली. तिची बोटं अजून खरखरीत आहेत, ते मला मघाशी हात धरला तेव्हाच जाणवलं होतं. तिने एक प्लेट काढली, मधोमध रेघ असलेली, एका बाजूला निरोगी जिवाणू, दुसऱ्या बाजूला नाजूक, आणि मुलीच्या हातात दिली.

"काय दिसतं?"

मुलीने उजेडात धरली. "इस तरफ़ ग्रोथ है, मॅडम. इस तरफ़ तो..."

"नीट बघ. तिरपी कर."

तिने तिरपी केली, डोळ्यांजवळ नेली. बाकीच्या मुलांना कारण माहीत नव्हतं, तरी तीही थांबली होती. शेकर चालू होता.

"काहीच नाही," मुलगी मराठीत म्हणाली.

प्रज्ञाने प्लेट परत घेतली, स्वतः एकदा पाहिली.

"अच्छा," ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण काढून दिलं. "चलो. शिंपडा आता."